सालीवरचे चार पूल

मी नाबुल गावातले एक जुने नारिंगाचे झाड आहे. सगळ्या गावाची मावशी असलेल्या मनूबियाखालाच्या अंगणात, विहिरीजवळ मी उभे आहे. खालाच्या सासऱ्यांनी माझे बी इथे पेरले, तेव्हा ती या घरात सून म्हणून आलीही नव्हती. माझे फळ इतके कडू, की एकदा चाखलेला माणूस पुन्हा हात लावत नाही! पण वसंतात माझ्यावर पांढरी फुले येतात. ती तांब्याच्या भांड्यात उकळून, वाफ धरून, खाला सुगंधी पाणी काढते. या पाण्याची बाटली नाही असे घर आमच्या गावात सापडायचे नाही.

मित्रांनो, मी एका जागी उभे असले तरी माझ्या अंगात दिवसभर ये-जा चालते. मुळे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार शोषतात. पानांतून पाण्याची वाफ उडते आणि त्या ओढीने खालचे पाणी खोडाच्या लाकडातून शेंड्यापर्यंत चढते. पाने उन्हात साखर रांधतात. ती सालीच्या आतल्या ओल्या थरातून मुळांपर्यंत उतरते. वर जायची वाट लाकडात, खाली यायची सालीत! एरवी याचा विचारही मनात आला नसता. एका मेंढ्याने तो करायला लावला.

त्या वर्षी बकरी ईद ऐन फुलांच्या हंगामात आली. खालाचा मुलगा मुन्सिफ याने ईदचा मेंढा आणून माझ्या बुंध्याला बांधला. घरातले सगळे फुले वेचण्यात गुंग होते. दोन दिवसांत त्या पठ्ठ्याने माझ्याभोवती गोल फिरत वीतभर रुंदीची साल चौफेर कुरतडून टाकली.

खालाने कपाळाला हात लावला. “मुन्सिफ! अरे, चारा टाकला होतास की नाही त्याला?”

“काही होत नाही गं आई. पानं बघ, कशी हिरवीगार आहेत!”

“तुझं आपलं सगळं वरवरचं बघणं!”

मुन्सिफचेही खोटे नव्हते. लाकूड शाबूत असल्यामुळे पाणी वर पोहोचत होते. पण वरची साखर जखमेपाशी येऊन अडत होती. मुळे साठवणीवर दिवस काढत होती. साठा संपला की ती मरणार; मग पाणी तरी कोण वर पाठवणार?

कलमे बांधण्यात शेदलीकाकांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. ते भिंतीपलीकडेच राहत. पण खालाशी त्यांचा दोन वर्षांचा अबोला होता. एका लग्नात चारचौघांत खाला म्हणाली होती, “शेदलीच्या फुलांच्या पाण्याला करपट वास येतो.”

दिवसभर खाला अंगणात घुटमळली. शेवटी भिंतीशी जाऊन तिने हाक मारली, “शेदली, माझं झाड मरतंय रे.”

“मग करपट माणसाकडे काय काम काढलंस?”

“चुकलं माझं. जीभ घसरली. आता येतोस, की पाया पडू?”

“नको, गुडघे धरतील तुझे. आलोच.”

काकांनी माझ्याच सहा बारीक फांद्या कापल्या आणि त्यांची दोन्ही टोके तासली. प्रत्येकीचे एक टोक जखमेखालच्या सालीत, दुसरे वरच्या सालीत सरकवून त्यांनी ती चिंध्यांनी आवळली आणि वरून मेण लावले.

“काका, एखादी उलटी लागली तर?” मुन्सिफने विचारले.

“तुझ्या डोक्यासारखी? मग कामातून गेली! बुडखा खालीच हवा.”

खाला इतकी हसली, की मेणाचे भांडे कलंडले.

पुढे उन्हाळा कठीण गेला. दोन फांद्या वाळल्या. माझी बरीच पाने पिवळी पडली. खाला रोज सकाळी वाकून चिंध्या चाचपायची. पण उरलेल्या चारही फांद्यांनी जीव धरला. त्यांच्या सालीतून साखर उतरली आणि उपाशी मुळांना पहिला घास मिळाला. मित्रांनो, तो आनंद कसा सांगू! त्या हिवाळ्यात माझ्या मुळांना पांढरी कोवळी तंतुमुळे फुटली.

आता ते चार पूल मनगटाएवढे जाड झाले आहेत. हंगामात खाला आणि शेदलीकाका माझ्याच सावलीत फुले निवडतात आणि दिवसभर भांडतात.

मित्रांनो, झाडाला गुरे बांधू नका, तार आवळू नका, गंमत म्हणून साल सोलू नका. आणि शेंडा हिरवा दिसला म्हणून पुढे निघून जाऊ नका. जरा वाकून बुंधाही पाहा. पान गळायच्या कितीतरी आधीपासून आम्ही गुपचूप सोसत असतो.