लाथेचं बटण

"नीट खेळ," दादा म्हणाला. "नाहीतर ते खोकं उचल आणि घरी जा."

चॅम्पियनची चोरी पकडली गेली. पडद्यावर तिचा पैलवान हात लोंबकळत उभा होता आणि दादाचा पैलवान त्याला सावकाश बडवत होता. आजारी भावाचं मन राखायला तिनं हा उद्योग केला होता, पण दादाच्या डोळ्यांत धूळ फेकणं तिला लहानपणीही कधी जमलं नव्हतं.

चॅम्पियन म्हणजे दादाची धाकटी बहीण. रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या, ही तिची नोकरी. हे नाव दादानंच ठेवलेलं, शाळेत असताना. तेव्हा सायकलच्या दुकानामागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं आणि त्यात मारामारीच्या गेमचं एक उंच यंत्र. भावंडं शेजारी शेजारी उभी राहून खेळायची आणि दादा दर वेळी चारी मुंड्या चीत व्हायचा. मग बहिणीनं आपल्याला कसं लोळवलं, हे घरी तोच तिखटमीठ लावून सांगायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नात तिच्या नवऱ्यालाही त्यानं बजावलं होतं, जपून राहा, चॅम्पियन आहे. तिलाही ते खरंच वाटायचं. नोकरीच्या मुलाखतीला जाताना, सासूला पहिल्यांदा उलट उत्तर देताना, ती मनात हेच नाव घेऊन उभी राहिली होती.

आता दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण हाताची बोटं मनावर घेईनात. शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाची बोटंच रुसली, तर उरतं काय? दुकानाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती आणि तो तिकडे बघायचंही टाळत होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला चेंडू त्यानं कपाटाखाली ढकलून दिला होता. बोटं आत्ता हलली नाहीत तर पुढे अवघड आहे, असं बाईंनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनीनं रडत ते नणंदेला सांगितलं, म्हणून चॅम्पियन आज आपल्या मुलाच्या गेमचं नवं खोकं पिशवीत घालून आली होती. त्यात तोच जुना खेळ मिळत होता. तेच पैलवान, तीच कर्कश शिट्टी, फक्त रंग उजळ.

आता ती मनापासून खेळू लागली आणि तिनं दादाला पहिल्यासारखं लोळवलं. तो कुरकुरला, पण परत लाव म्हणाला. उजवा अंगठा कसाबसा वरच्या बटणावर पडायचा, मग एखादा ठोसा बसायचा. लाथ मात्र तो एकदाही मारत नव्हता.

"अंगठा खाली येत नाही का?" तिनं विचारलं. "खालचं लाथेचं बटण आहे."

"ते कुठे चालतं?" पडद्यावरची नजर न काढता दादा म्हणाला.

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. चॅम्पियननं गेम थांबवला.

"चालतं की. नवंकोरं आहे."

"हां, हे वेगळं." तो जरा ओशाळला. "पार्लरमधलं बंद होतं. उजव्या बाजूचं."

पार्लरमध्ये शिरताच दादा पुढे होऊन उजवीकडे उभा राहायचा. मला भिंतीशी बरं पडतं, असं म्हणायचा. म्हणजे हा इतकी वर्षं लाथ नसलेला पैलवान घेऊन तिच्याकडून मार खात होता. चॅम्पियनला फार वाईट वाटलं. ज्याच्या जोरावर आपण ताठ मानेनं फिरलो, ते एका बिघडलेल्या बटणावर उभं होतं. आणि मग भावाची इतकी माया आली की तिला त्याच्याकडे बघवेना.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आळीपाळीनं उभं राहावं लागलं असतं. तू हरलीस की भोकाड पसरायचीस आणि बोलणी मला बसायची." तो अर्ध्या तोंडानं हसला. "आणि जिंकलीस की रस्ताभर नाचत यायचीस. बघायला बरं वाटायचं."

तिनं नाक पुसलं आणि पुढची फेरी लावली.

ती जीव तोडून ठोसे मारत होती. दादाचा पैलवान मागे मागे सरकत होता. थोड्या वेळानं दादानं तिच्या हाताकडे पाहिलं.

"चॅम्पियन, लाथ कुठे गेली तुझी?"

"माझ्या बाजूचं बटण बंद आहे," ती म्हणाली.

दादानं खेळणं सोडून डाव्या हातानं उजवा अंगठा धरला, खालच्या बटणावर नेऊन ठेवला आणि डावा हात काढून घेतला. त्याचा पैलवान उभ्या उभ्या मार खात होता. तिनं हात आखडला नाही. दादाच्या कपाळाची शीर फुगली. अंगठा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

पडद्यावर त्याच्या पैलवानानं पाय उचलला. चॅम्पियन तोवर बाजूला झाली होती, लाथ हवेतच गेली. पुढच्या ठोशाला तो आडवा झाला आणि शिट्टी वाजली.

"परत लाव," दादा म्हणाला. फेरी संपली होती, पण त्यानं बटण अजून दाबूनच धरलं होतं.