शाळेबाहेरच्या बाई

बालकेंद्री शिक्षणाचं खूळ साहेबांच्या डोक्यात शिरलं आणि ते बाईंच्या पायांना भोवलं. कायद्याने शिक्षण फुकट आणि सक्तीचं, तेव्हा एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये. पण मुलं शोधायची कोणी? साहेब उंटावरून शेळ्या हाकणार, मोठे सर बालकेंद्री धोरणाच्या बैठकांना जाणार. उरल्या पहिलीच्या बाई. त्यांनी वर्गाला कुलूप लावायचं, आलेल्या मुलांना घरी धाडायचं आणि न आलेल्यांना शोधत दारोदार हिंडायचं, असा हुकूम सुटला. यात काहीतरी चुकतंय हे फक्त बाईंना कळत होतं, आणि बाईंना विचारतो कोण!

एका गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाली भेटली. तिची लेक कपड्यांवर पाणी शिंपडत होती.

"हिला शाळेत का घालत नाही?" बाईंनी विचारलं.

"मग पाणी कोण शिंपडणार? तुमचा कायदा?"

बाईंनी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. इस्त्रीवाली ढिम्म. शेवटी लेकच म्हणाली, "मला वाचता येईल?"

"येईल की."

"तुम्हीच शिकवाल?"

"मीच."

बाईंना फार बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी आपण होऊन शिकायला मागत होतं.

दुसऱ्या दिवशी लेक चापूनचोपून वेणी घालून शाळेत हजर. वर्गाला कुलूप. शिपाई म्हणाला, "बाई मुलं शोधायला गेल्यात."

"कुठली मुलं?"

"शाळेत न येणारी."

"पण मी आलेय की!"

यावर काय बोलायचं याचा आदेश शिपायाला नव्हता. ती पायरीवर बसून राहिली. रोज येऊन बसायची. मग यायची थांबली.

मोहीम चटकन उरकेल, मग लेकीला शिकवू, या भरवशावर बाई घरूनच थेट गल्ल्यांमध्ये जात होत्या. पण मोहीम मारुतीच्या शेपटासारखी लांबत गेली. शेवटी फेरतपासणीला साहेब स्वतः निघाले, बाईंना घेऊन. इस्त्रीवालीच्या टेबलाशी लेक पाणी शिंपडत होती.

"ही शाळेबाहेरची का?" साहेबांनी विचारलं.

इस्त्रीवाली उसळली. "माझी पोर रोज जात होती! शाळेबाहेर तर तुमच्या बाई होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या खाली बसल्या, पिशवीतून खडू काढला आणि फरशीवर मोठा 'क' काढला. लेकीने ओले हात फ्रॉकला पुसले आणि त्यावरून बोट फिरवलं.

"अहो बाई, हे काय चाललंय?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "आपलं धोरण बालकेंद्री आहे. एकेका पोरापायी असा वेळ घालवलात तर ते राबवायचं कधी?"

आणि ते तरातरा पुढे निघाले.

लेक हळूच म्हणाली, "बाई, उद्या तुम्हाला कुठे शोधू?"

बाईंनी साहेबांची पाठ बघितली, खडू तिच्या हातात दिला आणि पुढच्या गल्लीकडे बोट दाखवलं.