फक्कीचा एकर

मळेवाडीला होणाऱ्या त्या करमणुकीच्या बागेची बातमी झुंबर गुरुजींनी पहिल्यांदा ऐकली एकोणऐंशी साली. तेव्हा तिच्यात फक्त एक पाळणा होता. नाशिकहून गंगापूर रोडनं निघालं की धरणाच्या अलीकडं हे गाव लागतं. गावाच्या गायरानाशी एक पांढरी मोटार थांबली, आतल्या दोघांनी पंक्चर झालेलं चाक बदललं, चहा विचारला आणि ते निघून गेले. एवढ्यावरून गावात ठरलं की मुंबईची पार्टी जागा बघून गेली.

ब्याऐंशीला बातमी पुन्हा उठली तेव्हा पाळणा धरणाच्या भिंतीहून उंच झाला होता आणि त्याच्याभोवती पोरांची आगगाडी फिरायला लागली होती. पंच्याऐंशीपर्यंत त्यात बर्फाची टेकडी आली. गावातल्या नाथाचा साडू अंबडला कारखान्यात होता. त्यानं म्हणे पाळण्याचे दांडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्र्यंबकेश्वराला जाणाऱ्या सगळ्या एसट्या मळेवाडीवरून वळवणार, हेही पक्कं झालं होतं. कोणी पक्कं केलं, हे विचारणारा माणूस गावात उरला नव्हता.

गुरुजी आधी हसत. पोरांना त्या बागेची चित्रंही काढायला लावत. मग त्यांचं हसू गेलं, कारण बातमी नुसती येऊन जात नव्हती, येताना काहीतरी खाऊन जात होती. आडातला गाळ काढायचा राहिला, बागेची कंपनी नळ देणार म्हणून. ओढ्यावरची मोरी खचली ती खचलीच, कंपनी डांबरी रस्ता करणार म्हणून. आणि शाळेची दुसरी खोली तीन वर्षं चार भिंतींवर उघडी राहिली.

त्या बिनछपराच्या खोलीत गुरुजींचा वर्ग भरे. मागच्या वर्षी तो तिसरीचा होता, यंदा चौथीचा. सकाळी पोरं पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत बसत. सावली आखडत गेली की बस्करं ओढत भिंतीला टेकत, आणि बारा वाजता सावलीच उरत नसे. गुरुजी फळा डोक्यावर धरून शिकवत. मागच्या चैत्रात मैना नावाची पोरगी गणित सोडवता सोडवता पाटीवर पडली होती. तिच्या तोंडावर पाणी मारताना गुरुजींनी मनाशी ठरवलं होतं की पुढचा चैत्र या पोरांनी उन्हात काढायचा नाही. तालुक्याला किती खेटे घातले त्याला गणती नाही. दिवाळीनंतर एकदाचे पत्रे आले. पंचायतीच्या ओट्यावर ते उतरवल्यावर गुरुजींनी पोरांना लाल रंग दिला आणि प्रत्येक पत्र्यावर ‘शाळा मळेवाडी’ असं लिहून घेतलं. मार्गशीर्षात छप्पर चढवायचं ठरलं.

त्याच आठवड्यात चौथीच्या पुस्तकात गुंठा-एकराचा धडा आला. गुरुजींची रीत अशी, की जे मोजायचं ते पायाखालून गेलं पाहिजे. त्यांनी तेहतीस फुटांची दोरी केली, कारण तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत ते पोरांना गायरानावर घेऊन गेले. आठ दोऱ्या लांब आणि पाच दोऱ्या रुंद, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. पोरांनी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, त्यांना शिंप्याकडच्या लाल चिंध्या बांधल्या आणि कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी पांढरी फक्की टाकून रेघा ओढल्या. उत्तरेचा कोपरा मैनाकडं होता. तिथं बोरीचं झुडूप आडवं आलं, काट्यांत जायला नको म्हणून तिनं खुंटी दोन हात बाहेरच्या बाजूला ठोकली आणि एकराचा तो कोपरा वाकडा झाला. गुरुजी म्हणाले, राहू दे, चूक कुठं आहे ते सोमवारी मोजूनच शोधू. म्हणून खुंट्या तशाच ठेवल्या. ही त्यांची चूक.

सोमवारी ते सायकलवरून येतात तो गायरानाशी अर्धं गाव उभं. बायका डोक्यावरच्या घागरींसकट थांबलेल्या. सरपंच कारभारी हात मागं बांधून रेघेच्या कडेकडेनं चालत होता, रेघेवर पाय न देता.

“आले का गुरुजी. मोजणी झाली बरं का. रविवारी कंपनीवाले कव्हा येऊन गेले, कोणाला पत्ता नाय.”

“कारभारी, ही मोजणी माझी आहे. चौथीच्या पोरांनी केलीय, शनिवारी.”

कारभारी हसला, समजूतदार माणसासारखा. नाथा म्हणाला, गुरुजींना बोलायची मनाई असंल. आणि त्यानं उत्तरेच्या कोपऱ्याकडं बोट केलं. बाकी तीन कोपरे नीट, मग हाच बाहेर का काढलाय? गेट हे ते. गाड्या वळायला जागा सोडलीय.

मैना पुढं झाली. तिथं बोरी होती, मला काटे लागत होते, असं तिनं सरळ सांगितलं. कोणी तिला रागावलं नाही. कोणी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

गुरुजी चिडले नाहीत. न समजणाऱ्याला पुन्हा समजावायचं, हाच त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यांनी वर्गातून दोरी आणवली आणि सगळ्या गावासमोर पोरांना पुन्हा मोजायला लावलं. वाकडा कोपरा सोडून आठ दोऱ्या, शेवटची गाठ बरोबर खुंटीवर. पाच दोऱ्या, गाठ बरोबर खुंटीवर. पोरं मोठ्यानं आकडे म्हणत होती, म्हातारे माना डोलवत होते. गुरुजींना वाटलं, समजलं.

मोजून झाल्यावर कारभारीनं दोरी हातात घेऊन पाहिली आणि गावाकडं वळून म्हणाला, “आपल्या शाळेची दोरी कंपनीच्या मापाला बरोबर लागती. गुरुजींचं काम पक्कं हे.”

त्या क्षणी गुरुजींना पहिल्यांदा किळस आली. खोटं बोलणाऱ्याची येते तशी नव्हे, ताटात केस निघाल्यावर येते तशी.

पुढच्या पंधरवड्यात गायरानाच्या कडेला टपऱ्या उठल्या. गेटाची जागा म्हणून वाकड्या कोपऱ्यासमोर नाथानं सर्वांत मोठी उठवली, आत दोन बाकं टाकली आणि पाटी लावली, ‘आनंद हॉटेल’. टपऱ्यांवर पत्रे होते, आणि पत्र्यांवर लाल अक्षरं. ओटा रिकामा झालेला बघून गुरुजी तसेच कारभारीच्या घरी गेले. कारभारी खोटं बोलला नाही. म्हणाला, पत्रे दिले, गावाच्या धंद्याला दिले. कंपनी स्लॅबची शाळा बांधणार, मग ह्या पत्र्यांचं करायचं काय. तोवर चौथी मारुतीच्या सभामंडपात बसवा.

चौथीत बुद्धवाड्याची चार पोरं होती. मैना त्यातलीच, आणि नाशिकच्या वसाहतीतून रोज सायकलनं येणारे गुरुजी स्वतःही त्याच समाजातले. कारभारीच्या ते ध्यानात आलं.

“त्या चौघांना बसू द्या पायरीशी. सावलीच हे तिथंबी. तुम्ही काय, समजून घ्याल.”

समोर चहाचा कप आला होता. गुरुजींनी तो उचलला नाही. वर्ग आहे तिथंच भरेल, एवढं बोलून ते उठले. तालुक्याला त्यांनी अर्ज दिला. चौकशीला माणूस आला, त्यानं आनंद हॉटेलात भजी खाल्ली आणि जाताना नाथाला विचारलं, इथं एखादी टपरी आपल्यालाही मिळेल का.

पौष गेला, माघ गेला. रेघा गुरांच्या खुरांनी पुसल्या. कोणी आलं नाही. एकदा एक मोटार थांबली तेव्हा सगळे टपरीवाले धावले. तिला गिरणारे गावाचा रस्ता हवा होता. फाल्गुनात टपऱ्या एकेक करून बंद झाल्या. नाथानं बाकं घरी नेली आणि टपरीला काथ्यानं दार बांधून ठेवलं. बाग येणार नाही असं मात्र कोणी म्हणालं नाही. पार्टीला दुसरीकडं बोलावणं आलंय, एवढंच.

चैत्र लागला. दुसऱ्याच दिवशी बारा वाजता पूर्वेची सावली भिंतीत शिरली आणि मैनाच्या शेजारची पोरगी डोळे मिटून भिंतीला टेकली. गुरुजींनी खडू खाली ठेवला. पोरांना बस्करं उचलायला सांगितली, फळा स्वतःच्या पाठीवर घेतला आणि सगळा वर्ग रांगेनं गायरानाशी नेला. आनंद हॉटेलाचा काथ्या त्यांनी गाठ सोडून काढला, तोडला नाही. पोरं आत बसली. वर पाहिलं तर पत्र्यांच्या आतल्या बाजूला त्यांचीच अक्षरं होती, काही उलटी, काही आडवी. जो तो आपलं अक्षर शोधायला लागला. गुरुजींनी शोधू दिलं.

मग मैना म्हणाली, “गुरुजी, माझा कोपरा अजून वाकडाच हे.”

खुंटी खरंच तिथं होती, टपरीपासून पाच पावलांवर. चूक सोमवारी शोधायची होती, ती चार महिने राहून गेली होती. बोरी आता वाळली होती. गुरुजींनी शाळेतून दोरी आणि फक्की आणवली. पोरांनी दोन्ही कोपऱ्यांकडून माप आणलं, मैनानं खुंटी उपटून दोन हात आत ठोकली आणि उरलेली फक्की टाकून रेघ सरळ केली. एकर बरोबर झाला.

रस्त्यानं जाणारा एकजण सायकल थांबवून बघत होता. तो घाईनं गावात गेला. पोरांनी क्षेत्रफळाचं दुसरं गणित मांडेपर्यंत नाथा आला, त्याच्या मागं कारभारी, आणि त्यांच्या मागं पंधरा-वीस माणसं. नाथाच्या खांद्यावर एक बाक होतं. तो नव्या रेघेकडं बघत होता आणि त्याचे डोळे चमकत होते.

“गुरुजी, टपरी सोडा. गेट आत सरकवलंय त्यांनी. काम धरलं बगा पुन्हा.”

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं. मग कारभारीकडं, मग मागच्या एकेका चेहऱ्याकडं. यातल्या निम्म्यांना त्यांनी स्वतः हात धरून मुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. तीच किळस पुन्हा आली आणि या खेपेला त्यांनी ती गिळली नाही.

“हे तुम्हाला पुन्हा सांगणार नाही,” ते म्हणाले. “मोजणाऱ्या पोरांना हुसकून मोजणीची वाट बघता. मला तुमची किळस येते. वर पत्र्यावर काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला वाचायला मी शिकवलंय.”

कोणी वर पाहिलं नाही. कारभारी म्हणाला, कंपनीची माणसं आली आणि इथं शाळा दिसली तर काय म्हणतील.

“आली की वर्गात पाठवा. त्यांनाही गुंठा शिकवीन.”

एवढं बोलून गुरुजींनी त्यांच्याकडं पाठ केली. नाथा बाक खांद्यावरून उतरवावं की नाही या विचारात उन्हात उभा राहिला. आत सावलीत गुरुजींनी खडू उचलला आणि मैनाला विचारलं, अर्धा एकर म्हणजे किती गुंठे.