जवळचं पाणी

"आधी ती वही खाली ठेव. ओल्या हाताने लिहिलेलं खरं नसतं," असं म्हणत ओकनानने ग्युरिनच्या कमरेचा शिशाचा पट्टा असा आवळला, की पोरीच्या पोटातलं सोल शहरातलं सगळं शिक्षण घशाशी आलं.

"सामचुन, हळू!"

जेजू बेटावर वडीलधारं माणूस, बाई असो की बाप्या, सामचुनच. ग्युरिन एवढं मात्र पहिल्याच दिवशी शिकली होती. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात तीन महिने गावात राहून प्रत्यक्ष काम शिकायचं होतं. काम दिसायला सोपं: गावच्या पाणबुड्या बायका रोज कुठे बुडी मारतात ते विचारायचं आणि नकाशा रंगवायचा. बायका एकवीस. धाकटी अठ्ठावन्नची आणि थोरली चौऱ्याहत्तरची ओकनान, जिच्याइतकं खोल अजून कुणी जात नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच ग्युरिनच्या लक्षात आलं, की "एवढा मोठा शंख कुठे मिळाला?" असं विचारलं की प्रत्येक बाई हमखास उलट्या दिशेला बोट दाखवते. मग तिने विचारणं सोडलं. खडकावर बसून ती नुसती ऐकू लागली. वर आलेल्या बाईचा कोंडलेला श्वास शीळ घालत सुटतो. बेचाळीस दिवसांत एकवीस शिळा तिला माणसांसारख्या ओळखू यायला लागल्या.

आज सकाळी, बायका शेकोटीभोवती रबरी पोशाख चढवत असताना, तिने मोठ्या अभिमानाने नकाशा वाचून दाखवला. "आणि हा गावालगतचा उथळ भाग. बेचाळीस दिवसांत एकही बुडी नाही. वापर शून्य." शुक्रवारी नकाशा सरकारी कचेरीत जाणार होता, आणि जिथे वापर शून्य, तिथे काँक्रीटचा नवा धक्का होणार होता. कॉलेजच्या सरांनी फोनवर शाबासकीही दिली होती.

मग ओकनानने पट्टा उचलला होता.

त्या उथळ भागात पाणी छातीएवढं होतं. ओकनानने तिची मान धरून खाली दाबली आणि ग्युरिन श्वास घ्यायचंच विसरली. तसा तो घ्यायचाही नव्हताच. खडकाचा एक वीतभर तुकडा उघडा नव्हता. शंखाला शंख लागून बसलेले, कानाच्या आकाराचे शिंपले तळहाताहून मोठे, बऱ्याच काळात कुणाचा हात न लागलेले, गावातल्या शेवटच्या घरापासून चाळीस पावलांवर. बायका जे शोधायला रोज मैलभर आत जात होत्या, ते सगळं इथे दारात पडलं होतं.

वर येताच तिने विचारलं, "कुणीच घेत नाही?"

"हे म्हाताऱ्यांचं पाणी. पाय धड असताना इथे हात घातला, तर परत आमच्या शेकोटीला बसायचं नाही."

"मग म्हाताऱ्या कुठायत?"

"बुन्सुन सामचुन होती, एक्क्याण्णवची. दोन हिवाळ्यांमागे गेली." ओकनानने नाक शिंकरलं. "त्यानंतर गावात कुणी म्हातारं झालंच नाही."

काठावरच्या बायकांतून बोकजा ओरडली, "मी तर अजून त्रेसष्टचीच आहे, बाई! माझ्याकडे बघू नका!"

संध्याकाळी शेकोटीपाशीच ग्युरिनने सरांना फोनवर सगळं सांगितलं. सर म्हणाले, "राखून ठेवलंय, असं प्रत्येकच गाव म्हणतं. वापरणारं एक तरी माणूस दाखव."

"त्यात काय! लिही की कुणाचंही नाव," बोकजा म्हणाली.

"बोटाने खडक खोटा दाखवतो ती आपली थट्टा," ओकनान म्हणाली. "लिहिलेलं खोटं असलं तर समुद्र कुणालाच राहायचा नाही." आणि ती शेकोटीत काड्या सारत बसली. जवळच्या पाण्यात एकदा उतरलेली बाई परत खोल पाण्याच्या किनाऱ्याकडे नेणाऱ्या ट्रकवर चढत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. ग्युरिनलाही आता ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ट्रक आला. वीस जणी चढल्या. ओकनानची पुढच्या कोपऱ्यातली जागा तशीच राहिली. त्या जागेवर सरकून बसायला कुणी धजेना. ओकनानने आपला जड पट्टा सोडून बोकजाच्या मांडीवर ठेवला.

"हा घे. उथळात एवढं ओझं लागत नाही."

बोकजाने पट्टा दोन्ही हातांनी धरला, तान्हं पोर धरावं तसा.

ट्रक गेला. ओकनान पाण्यावर तरंगणारा नारिंगी गोळा काखेत मारून चाळीस पावलं चालत गेली आणि पाण्याशी थांबली. ग्युरिन मागोमाग वही घेऊन उभी होती. सगळं माहीत असूनही तिने विचारलं, कारण विचारूनच लिहायचं, असा नियम होता.

"नाव, सामचुन?"

"यांग ओकनान."

"वय?"

म्हातारीने तिच्या हातांकडे बघितलं. "हात पूस आधी."

ग्युरिनने हात सदऱ्याला पुसले. मग पुन्हा पुसले.

"चौऱ्याहत्तर," ओकनान म्हणाली आणि बुडाली.

पाणी इतकं कमी होतं, की तिच्या पायांच्या रबरी पंखांची टोकं बराच वेळ वरच दिसत राहिली. मग तीही गेली. ग्युरिन रोजच्यासारखी मनात आकडे म्हणत उभी राहिली. शंभरावर गेले तरी शीळ आली नाही. तळ हाताशी असताना एवढा वेळ खाली राहायची काहीच गरज नव्हती.

मग ती आली, लांब, बारीक, खोल समुद्रातून यायची तश्शीच. ग्युरिनने शून्य खोडलं.