निवड झालेल्या चौघी

मोखाड्यात पंचायत समितीकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला झेरॉक्सचं एक दुकान लागतं. दुकान चिमुकलं, पण ते चालवणाऱ्या रुचिराचं नाव पार खोडाळ्यापर्यंत पोचलेलं. ही जव्हारच्या एका किराणा व्यापाऱ्याची मुलगी. बी.कॉम. झाली, लग्न होऊन मोखाड्याला आली आणि नवऱ्याच्या झेरॉक्स मशीनशेजारी कॉम्प्युटर मांडून बसली. दाखले, ऑनलाइन फॉर्म ही कामं गावात आणखी चारजण करत. पण बायोडाटा करावा तर रुचिराताईंनीच, असं पोरं म्हणत. तिनं लिहिलेल्या अर्जाला बोलावणं येतंच, असा लौकिकच झाला होता, आणि खोटं कशाला बोला, तिलाही त्याचा अभिमान होता.

"छंद लिहू नका," ती सांगायची. "क्रिकेट आणि वाचन सगळ्यांनाच आवडतं. तुम्ही काय केलंय ते सांगा."

समोरचं पोर खाली मान घालून म्हणायचं, काहीच नाही केलं. मग ती खोदून खोदून विचारायची, आणि काहीतरी निघायचंच. पोशेऱ्याची चंदना आली तेव्हा असंच झालं. बारावी, बावन्न टक्के, पुढं कोरा कागद. अर्धा तास विचारल्यावर कळलं, की गावातली अंगणवाडीची बाई बाळंतपणाला गेली तेव्हा तीन महिने या पोरीनं एकटीनं चाळीस बाळांची वजनं घेऊन वहीत उतरवली होती. रुचिरा खुश झाली. तिनं ती ओळ सगळ्यात वर घेतली.

चंदनाचा हा बायोडाटा झाला तो विनोद नावाच्या माणसासाठी.

भात कापून झालं होतं. गावं कामाला बाहेर निघायच्या बेतात होती. अशात एक पांढरी गाडी दुकानासमोर थांबली आणि इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला. बोलायला अतिशय मऊ. दूर, राज्याच्या हद्दीपलीकडं कपड्यांचं पॅकिंग करणारी कंपनी आहे, अठरा ते पंचवीसच्या मुली हव्यात, राहणं-खाणं कंपनीचं, असं त्यानं सांगितलं.

"बायोडाटा हवाच, पण मला खरं पत्र हवंय, मॅडम," तो म्हणाला. "मार्कांचं मला कौतुक नाही. घरात कोण आहे, कोण नाही, भाऊ किती, फोन कुणाकडे असतो, सगळं येऊ द्या. ज्यांना गरज आहे त्यांनाच घ्यायचं असं आमच्या शेठचं धोरण आहे."

रुचिराला बरं वाटलं. गरीब मुलींचा विचार करणारा कुणीतरी भेटला, असं तिनं संध्याकाळी नवऱ्यालाही सांगितलं. नवरा, चैतन्य, एवढंच म्हणाला, "भाऊ किती, हे कशाला हवं त्याला?" तिनं ते हसण्यावारी नेलं.

आठवडाभर मुली येत राहिल्या. चंदना पत्रासाठी पुन्हा बसली. वडील जिवा चार वर्षांपूर्वी वारलेले, घरी एकटी आई, रखमी. फोन करायचा तर शेजारच्या लक्ष्याचा वापरायचा. रुचिरानं लिहिलं, "आईशिवाय मला कोणी नाही. मिळेल ते काम, सांगाल त्या वेळी, तक्रार न करता करीन. वारंवार घरी येण्याची मला आवश्यकता नाही."

चंदनानं ओळीवर बोट ठेवलं. "ताई, पण शिमग्याला मी येन ना. आय एकटी हाय."

"अगं, ये की. पण पत्रात तसं लिहू नये. पत्रात तयारी दाखवायची असते."

"मग माझ्या मावशीचा हरेश हाय, ठाण्याला कंपनीत. त्याचा नंबर टाका."

"लांबची नाती नकोत. पसारा दिसतो," रुचिरा म्हणाली, आणि प्रिंट काढली. चंदनानं खाली वळणदार सही केली. आपल्याबद्दल इतकं चांगलं कुणी छापलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

अकरा अर्ज गेले. चार मुली निवडल्या गेल्या. चंदना, सोनी, चैती आणि जामसरकडची एक पोर. गाडी बाजाराच्या दिवशीच आली. चौघी नव्या पिशव्या घेऊन बसल्या, हात हलवला आणि गेल्या.

उरलेल्या सातांतली समृद्धी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन रडली. तिचा बायोडाटा सगळ्यांत उजवा होता. टायपिंग झालेलं, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, मोखाड्यातच घर, वडील कचेरीत शिपाई, पाठीशी दोन भाऊ. "ताई, माझ्यात काय कमी होतं?" तिनं तिला मदतीला दुकानातच ठेवून घेतलं.

पहिले पंधरा दिवस चौघींचे फोन आले. मग थांबले.

एका बाजाराच्या दिवशी रखमी दुकानासमोर येऊन उभी राहिली. काटक बाई, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. "बाय, पोरीचा फोन येत नाय," ती म्हणाली. रुचिरानं धीर दिला, की नवीन काम आहे, वेळ मिळत नसेल. पुढच्या बाजाराला रखमी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आता ती काही विचारत नसे. बाकावर बसायची, रुचिराच्या तोंडाकडं पाहायची आणि जीपची वेळ झाली की उठायची. ती बसलेली असताना रुचिराच्या हातून टाईप करताना चुका व्हायला लागल्या.

शेवटी तिनं विनोदला फोन लावला.

"सीझन आहे ना मॅडम, फोन जमा करून घेतात," तो तसाच मऊ आवाजात म्हणाला. "मजेत आहेत मुली. मीच तुम्हाला करणार होतो. आणखी दहा पत्रं हवीत. मागची ती चार अगदी मनासारखी होती. बाकीच्या सातांत जरा गर्दी होती."

"गर्दी? कसली गर्दी?"

"घरात हो. माणसांची." आणि तो हसला.

फोन ठेवला. तिनं कॉम्प्युटरवर अकरा पत्रं उघडली आणि एकेक वाचत गेली. स्वतःचंच अक्षर आरशात उलटं दिसावं तशी ती पत्रं आता दिसत होती. सोनी, आईवडील दोघं वीटभट्टीवर, पत्ता ठरलेला नाही. चैती, आजीजवळ राहते, आजीला ऐकू येत नाही. जामसरची पोर, सावत्र बाप, घरी फोन नाही. चंदना, आईशिवाय कोणी नाही. ज्या सात मुलींना नाकारलं त्यांच्या प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी होतं. भाऊ, चुलता, पोलीस पाटील असलेला मामा. म्हणजे त्यानं मुली निवडल्याच नव्हत्या. जिच्या मागं शोधत येणारं कुणी नाही ती निवडली होती, आणि कोणामागं कोण आहे हे सुबक भाषेत त्याच्या हाती दिलं होतं ते तिनं.

चैतन्य शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं वाचलं. शटर अर्ध्यावर ओढून तो म्हणाला, "चल, पोलीस ठाण्यात जाऊ. बाकावरच्या रखमीलाही घेऊ."

ठाण्यातल्या फौजदार बाईंनी तिघांना बसवलं, चारही पत्रं शांतपणे वाचली आणि मग विचारलं, "हे मुलींनी लिहिलंय?"

"नाही. मी लिहिलंय."

"सही मुलींची. वय अठराच्या वर. स्वखुशीनं येते, घरी यायची गरज नाही, तक्रार करणार नाही. उद्या त्या माणसाला धरलं तर तो पहिला हाच कागद पुढं करेल." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "तक्रार मी घेते. पण तुम्हाला जबाब द्यावा लागेल, की हे शब्द मुलींचे नाहीत, तुमचे आहेत. मुलींनी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय गाळलंत, तेही. गावात याची चर्चा होईल. चालेल?"

रखमी मधेच म्हणाली, "काय म्हनतात त्या, बाय? काय लिवलं हाय त्यात?"

आजवर तिला कुणी ते पत्र वाचून दाखवलं नव्हतं. रुचिरानं दाखवलं. वारंवार घरी येण्याची मला आवश्यकता नाही, या ओळीशी आल्यावर रखमीनं तिच्याकडं पाहिलं. "असं ती बोलली?"

"नाही, मावशी. ती म्हणाली, शिमग्याला येईन. ते मी लिहिलं नाही."

रखमीनं बसल्या जागी पदराचं टोक पिळायला सुरुवात केली आणि कितीतरी वेळ ती ते पिळत राहिली. रुचिरानं जबाब दिला. अडीच पानं झाली. त्यात तिनं स्वतःला कुठंही वाचवलं नाही.

विनोदचा नंबर दोन दिवसांत बंद झाला. गावात बभ्रा झाला तसे दुकानात येणारे कमी झाले. काहींनी तर तोंडावर सांगितलं, पोरी विकल्या हिनं. चैतन्य भांडायला उठला की ती त्याला खाली बसवायची. चंदनाचा मावसभाऊ हरेश, त्यानं मात्र ठाण्याच्या कंपनीत सुट्टी टाकली आणि पोलिसांबरोबर तो वणवण फिरला. गाडीच्या नंबरावरून माग निघत गेला, आणि शिमगा उलटून गेल्यावर तीन मुली एका पत्र्याच्या शेडमध्ये सापडल्या. खाली गोदाम, वर राहायची खोली, दाराला बाहेरून कडी.

सोनी, चैती आणि ती जामसरची पोर परत आल्या. चंदना त्यांच्यात नव्हती.

रुचिरा सोनीला भेटायला गेली. पोर भिंतीला टेकून बसली होती, बोटं पॅकिंगच्या टाचण्या टोचून काळीनिळी झालेली.

"चंदूला दुसऱ्याच महिन्यात नेली," ती म्हणाली. "एक बाई आलेली. विनोदनं तिला कागद दाखवला. ही लहान बाळं सांभाळते, लिहून ठेवायला चोख हाय, असं वाचलं. त्या बाईला तशीच पायजे होती."

"कसली बाळं? कुणाची?"

"म्हाईत नाय. चंदूनं विचारलं, तर बाई बोलली, तिथं आल्यावर समजंल."

रुचिरा घरी कशी आली ते तिला आठवत नाही. चंदनाबद्दल तिनं लिहिलेलं, चाळीस बाळांची वजनं घेतल्याचं, एवढं एकच वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं.

रखमी अजून दर बाजाराला येते. रुचिरा तिला चहा देते, ती घेते. तपास चालू आहे, फौजदार बाई सांगतात. रुचिरानं पत्रं लिहिणं सोडलं नाही, पण आता ती मुलींना आधी स्वतःच्या तोंडानं बोलायला लावते आणि तेच लिहिते. वाक्य वेडंवाकडं झालं तरी तसंच ठेवते. काम तिसऱ्या हिश्श्यावर आलंय.

परवा बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. आवाज अनोळखी, वयस्कर. वृद्धांसाठी सेवा केंद्र काढलंय म्हणाला, आठ मुली हव्यात, कुणीतरी तुमचं नाव सुचवलं.

"एक विचारू मॅडम?" तो म्हणाला. "या मुलींच्या गावांना मोबाईलची रेंज असते का?"

रुचिरानं फोनवर तळहात ठेवला, समृद्धीला डोळ्यांनी रस्त्यापलीकडं ठाण्याची दिशा दाखवली. समृद्धी चप्पल न घालताच धावली. बाकावर रखमी ताठ होऊन बसली.

"असते ना, कुठं कुठं असते," रुचिरा म्हणाली. तिनं पेन उचललं. "मुली मी देते, सर. पण त्यांनी यायचं कुठं? गावाचं नाव सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते."