दहा मिनिटं शिल्लक

लाल रेघ होती. चित्राच्या खालच्या कडेला, कापलेल्या नखाएवढी बारीक, डावीकडून निघून उजव्या टोकाला जवळजवळ पोचलेली — जवळजवळच; टोकाच्या अलीकडे बोटभर जागा सोडून ती थांबली होती. वर लिहिलं होतं, भाग सातवा. तो रिमोट धरून तसाच उभा राहिला. पाचव्याखाली रेघ पूर्ण, सहाव्याखाली पूर्ण, म्हणजे दोन्ही कुणीतरी बघून संपवलेले. आणि आपण काल पाहिला तो चौथा... चौथाच ना? चौथाच. जकात कचेरीतला तो तरुण कारकून, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे, तो धक्क्यावर एकटा उभा राहतो आणि दिवे जातात, तिथं चौथा संपला. तेव्हा बायको म्हणाली होती, "त्यानं नाही घेतलं काही. उगाच बिचाऱ्यावर आळ." अगदी ठामपणे म्हणाली होती, बघून आल्यासारखी.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला तसा त्यानं घाईघाईनं टीव्ही बंद केला. चोरी तिची, आणि दचकला हा.

खरं म्हणजे तो टीव्हीपाशी गेला होता महिना कधी संपतो ते बघायला. या घरात मालिका बघायची एक रीत होती. वर्षातून तीनदा, फार तर चारदा, एका महिन्याचे पैसे भरायचे — तेही सगळ्यांत स्वस्तातले, एका वेळी एकाच पडद्यावर चालणारे — आणि तो महिना उसासारखा पिळून, चिपाड करून सोडून द्यायचा. काय काय बघायचं याची यादी बायको जुन्या पावतीच्या पाठीवर करायची. आणि नियम एकच, तोही तिनंच घातलेला: एकट्यानं पुढचं बघायचं नाही. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी ही बाई काल उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाली होती, "या खेपेला अजून एक महिना राहू दे की." सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी त्याला एवढं नवल वाटलं नसतं. म्हणून तारीख बघायला गेला, आणि ही रेघ.

"अहो, डबा," ती म्हणाली.

त्यानं डबा घेतला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. माणसाच्या डोळ्यांकडे बघायची त्याला सवयच नव्हती. पंचवीस वर्षं तो दातांच्या कवळ्या बनवत आला होता, आणि डोळे खोटं बोलू शकतात पण जबडा नाही, हे त्याचं ठाम मत होतं. तिचा जबडा सैल होता. निवांत. म्हणजे एक तर तिनं काही केलं नाही, नाहीतर सवयीनं केलं.

सवयीनं... कुणाबरोबर?

हा प्रश्न त्याला रस्त्यात पडला, सिग्नलपाशी, आणि मग तो कारखान्यापर्यंत सोबतीला आला. कारण एकट्यानं बघण्यात तिला कधी गोडी नव्हती; तिला शेजारी कुणीतरी लागायचं, कोपर मारून "बघितलंत?" म्हणायला. तीन भाग म्हणजे अडीच तास. ती रक्त तपासायच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, सकाळी नऊ ते पाच. निदान सांगते तरी तसं. मी कधी बघायला गेलोय? एकदा गेलो होतो, साखर तपासायला, तेव्हा होती. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत माणूस काय काय करू शकतो... मेणात दात बसवता बसवता त्याचा हात थांबला. समोरची कवळी कुण्या म्हाताऱ्या मास्तरांची होती, आणि त्यानं वरची डावी दाढ उजवीकडे बसवली होती.

"आज लक्ष कुठंय?" मालकानं विचारलं. मालक आणि तो, दोघांचंच काम. मालक हिशेब आणि डॉक्टर सांभाळायचा, हा दात.

"जरा बँकेत जाऊन यायचंय."

"जा. पण त्याआधी मास्तरांना माणसात आण."

दाढ काढून जागेवर बसवली आणि बाराच्या सुमाराला तो बँकेच्या उलट्या दिशेला, घराकडे निघाला. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पण संशयाचं असं आहे की तो एकदा अंगात शिरला की लाज बिचारी मागून धापा टाकत येते. जिना चढताना त्यानं चपला हातात घेतल्या. कुलूप होतं. आतून कडी लावून बाहेरून कुलूप घालता येत नाही, हेही त्यानं मनाशी तपासून घेतलं.

घरात कुणी नव्हतं. भांडी पालथी, पडदा सरकवलेला. त्यानं टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवला — थंडगार. मग थोडा वेळ तो त्या थंड पाठीला हात लावून नुसता उभा राहिला, आणि त्याला बरं वाटलं. वेड्या, तो स्वतःला म्हणाला. सोन्यासारखी बाई. यंत्र आहे, चुकतं यंत्र. आलोच आहे तर पाणी पिऊन जाऊ. पाणी पिता पिता त्यानं टीव्ही लावला.

पडद्यावर रेघ नव्हती, चित्रही नव्हतं. काळ्यावर पांढरी अक्षरं होती: हे खातं सध्या दुसऱ्या पडद्यावर वापरात आहे.

सध्या. म्हणजे आत्ता. या क्षणी कुठल्याशा खोलीत कुणीतरी पाय पसरून आपल्या पैशांनी...

त्यानं फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला, आणि मागं कुणीतरी मोठ्यानं नंबर पुकारत होतं, एक मूल रडत होतं.

"काय हो? या वेळी?"

"काही नाही. दूध तापवून ठेवलंयस ना?"

"घरी आहात का तुम्ही?"

"छे. घरी कशाला असेन. आठवलं म्हणून विचारलं."

"पंचवीस वर्षांत कधी दूध आठवलं नाही," ती म्हणाली. "बरंय ना तुम्हाला?" मग कुणाला तरी, "उपाशीपोटी आलात ना? बसा." फोन ठेवला.

ती तिथं होती. मग दुसऱ्या पडद्यावर कोण? पासवर्ड दोघांनाच माहीत. मी कुणाला दिला नाही. त्यानं थोड्या थोड्या वेळानं बटण दाबून पाहिलं. तीच अक्षरं, तीच. बँकेत एवढा वेळ लागत नाही हे त्याला कळत होतं, तरी तो खुर्ची ओढून बसला, आणि पाऊण तासानं ती अक्षरं आपोआप गेली. चित्रं आली. सातव्याखालची रेघ आता टोकाला भिडली होती. आठव्याखाली नवी आली होती — उजवीकडे निघालेली, बोटभर जागा ठेवून थांबलेली. त्यानं रिमोट त्या चित्रावर नेला. आकडा उमटला: दहा मिनिटं शिल्लक.

दहा मिनिटं...

"अरे, शेवट बघ ना मग काय तो!" — हे तोच म्हणायचा, ओरडूनच. आणि मुलगा, नऊ वर्षांचा, मधेच टीव्ही बंद करून उठायचा. "उद्याला ठेवलाय. शेवट उद्याला ठेवला की उद्या उठावंसं वाटतं, बाबा." दहावीला तसाच, मिशी फुटली तेव्हा तसाच. सगळा भाग बघायचा आणि शेवटची दहा मिनिटं दुसऱ्या दिवसावर टाकायची. अख्ख्या जगात असा दुसरा माणूस असेल असं त्याला वाटत नव्हतं. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणजे तो आहे. कुठंतरी आहे, दुपारी जेवतो, जेवताना हीच मालिका बघतो, त्या कारकुनाचं काय होतं ते त्याला माहीत आहे, आणि आईला फोनवर सांगतो. आईला. तीन वर्षं.

तीन वर्षांपूर्वी मुलगा कारखान्यात काम शिकायला यायचा. चांगला हात होता. एक दिवस एका दाताची सोन्याची कॅप नाहीशी झाली. सकाळी होती, दुपारी नाही. त्या टेबलाला हात लागायचे दोघांचेच, आणि आपला हात आपल्याला माहीत असतो. त्यानं मुलाला विचारलं. मग पुन्हा विचारलं. मालकासमोर विचारलं. मुलगा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा काहीच बोलला नाही, आणि ते गप्प बसणंच त्यानं कबुली धरलं — जबडा आवळलाय बघा, असं मालकाला म्हणालासुद्धा. रात्री घरी आला तर मुलाची बॅग नव्हती.

कॅप चार महिन्यांनी सापडली. बेसिनखाली प्लास्टरचा गाळ अडवायला एक डबा असतो, तो साफ करताना, घट्ट झालेल्या पांढऱ्या लगद्यात. त्यानं ती धुतली, पुसली, मालकाच्या हातावर ठेवली. मालक म्हणाला, पोराला कळव. तो हो म्हणाला. घरी येऊन जेवला. बायको समोर बसून वाढत होती आणि वाक्य तोंडात तयार होतं, पण भाजी कशी झालीय म्हणून तिनं विचारलं आणि तो बरी झालीय म्हणाला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. मग तिसरा दिवस. खोटं बोलण्यापेक्षा खरं शिळं होणं वाईट... शिळं झालेलं खरं कुणाच्या पानात वाढायचं?

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती टीव्हीसमोर उभी राहून रिमोट दाबू लागली, पाठ त्याच्याकडे करून, पडदा झाकून. पाचवा भाग सुरू झाल्यावरच बाजूला झाली. रोज अशीच उभी राहायची, हे त्याला आज दिसलं. भाग संपेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता. कारकुनाच्या खोलीची झडती सुरू झाली तेव्हा तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. नंतर काय होणार हे तिला माहीत असणारच, आणि तरीही धरलं.

"उद्या संपतोय महिना," तो म्हणाला. "बंद करू ना?"

"पाच भाग राहिलेत अजून."

"मागं सहा राहिले होते. तेव्हा तू म्हणालीस, जगलो-वाचलो तर बघू."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी?"

तिचा जबडा आवळला. आता अजून एकच प्रश्न, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं; अजून एक विचारला की माणूस मोडतं. दिवसभर तो ह्याच क्षणासाठी वणवणला होता. प्रश्न जिभेच्या टोकावर होता — आठवा भाग कुणी बघितला? — आणि त्याच्या डोळ्यांपुढे मालकाच्या टेबलापाशी उभा असलेला मुलगा आला, तिसऱ्यांदा गप्प बसलेला.

"राहू दे," तो म्हणाला. "भर अजून एका महिन्याचे."

तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. तिनं मान वळवून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"का?"

"का म्हणजे? तूच म्हणालीस ना काल."

"म्हणाले हो. पण तुम्ही ऐकलंत, म्हणून विचारते." आणि जरा थांबून, "दुपारी खरंच कारखान्यातून फोन केलात?"

"मग कुठून?"

ती उठून भांडी आवरू लागली, नेहमीपेक्षा हळू. हिला कळलंय. उद्या दुपारी ती खिडकीवरून मुलाला फोन करील, आवाज खाली करून: जप रे, बाबांना संशय आलाय. आणि मग... मग आठव्याची ती दहा मिनिटं तशीच राहतील. नववा कुणी लावणार नाही. महिना भरलेला असेल, आणि रेघ हलणार नाही. आजच सकाळी ती रेघ नसती तर बरं झालं असतं असं वाटत होतं, आणि आता ती हलत राहावी असं वाटत होतं. बायकोवरचा संशय केव्हाच उतरला होता. फक्त या घरात ज्याच्यापासून सगळं लपवावं लागतं तो माणूस कोण, हे त्याला पहिल्यांदा एवढं स्वच्छ दिसत होतं. तिला विश्वास वाटावा असं त्याच्यापाशी एकच होतं. ती कॅप सापडली होती. एवढंच म्हणायचं. चार शब्द. ती कॅप सापडली होती, बेसिनखालच्या डब्यात, त्यानं नव्हती घेतली, मला तीन वर्षं... नाही, एवढं नको, चारच शब्द. नव्या कवळीसारखे ते तोंडात कुठंच नीट बसत नव्हते. त्यानं ते जिभेनं पुढं ढकलले, मागं घेतले, पुन्हा ढकलले.

नळाचा आवाज थांबला. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ओले हात पुढे धरून, आणि तिचा चेहरा पार बदललेला होता — की दिव्यामुळे तसा वाटत होता?

"काय म्हणालात?" ती म्हणाली.

आपण ते मोठ्यानं बोललो की नुसतं मनात, हे त्याला काही केल्या आठवेना. ती तशीच उभी होती, आणि तिच्या हातांवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.