नत्थूनं वाचलेलं पत्र

“माय, रजिस्टर पत्र हाय! अंगठा पाहिजे!”

महाल मोहल्ल्यातल्या तीन मजली चाळीखाली उभं राहून नत्थू पोस्टमननं हाक मारली. ती पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. दवाखान्यात गळ्यात नळी घातली, तेव्हापासून त्याचा आवाज असा खरखरीत झाला होता.

मागल्या वर्षी, एकोणऐंशी साली, त्याला मेंदूज्वर झाला. एकोणीस दिवस तो श्वासाच्या मशीनवर होता. वाचला, म्हणून मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मग आठ महिने त्याची बायको प्रेमिला त्याचा हात धरून त्याला अंगणात चालवत राहिली. पण मांड्यांत जोर आला नाही. वाचताना डोळे एका ओळीवरून दुसरीवर घसरत. हे त्यानं प्रेमिलालाही सांगितलं नव्हतं. महिनाभर बीट, म्हणजे रोजची टपाल वाटायची फेरी, जमते का पाहू, असं पोस्टमास्तर मधुकरराव म्हणाले होते.

तो कठड्याला धरून चढू लागला. पहिला मजला ओलांडला आणि पायरीवरच बसला. त्याची धाप ऐकून तिसऱ्या मजल्यावरची बायजाबाई हळूहळू खाली उतरली.

“काहून चढला गा? मी आली असती नं!”

ती त्याच्याशेजारी बसली. तिला वाचता येत नव्हतं. अकरा वर्षं तिची पत्रं नत्थूच वाचून दाखवत होता. तिची लेक सुमती भिलाईला दिली होती, दिवस भरले होते. पत्र जावयाचं होतं.

नत्थूनं वाचायला घेतलं. “बाळंतपण फार अवघड गेलं. रक्त फार गेलं. सुमती वाचली... नाही.”

 बायजाबाईनं कठडा घट्ट धरला.

डोळा खालच्या ओळीवर तर घसरला नाही, असं नत्थूला वाटलं. त्यानं बोट ओळीवर ठेवलं, एकेक अक्षर दाबत पुन्हा वाचलं.

“माय, थांब! ‘सुमती वाचली. काळजीचं कारण नाही.’ वाचली हाय ते! पोरगी झाली!” त्यानं पत्र मांडीवर ठेवलं. “माह्या डोळ्यानं घात केला, माय. मले माफ कर.”

बायजाबाई पदर तोंडाला लावून रडली. मग तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

“तू बी मौतीच्या दारातून आला, बापा. आंगात जीव भरला नाही तुह्या अजून. वाच, पुढचं वाच. मले कुठी जायचं नाही.”

त्यानं अर्धा तास लावून दोन पानं वाचली.

दुसऱ्या दिवशी नत्थू स्वतःच मधुकररावांसमोर उभा राहिला.

“साहेब, बीट नाही जमत. बसून करायचं काम द्या.”

“महिना संपला नाही अजून, नत्थू.”

“लोकायचं जीवनमरण असते पत्रात, साहेब.”

 मधुकररावांनी त्याला ठप्पे मारायच्या टेबलाशी नेलं. नत्थूनं झोळा नव्या पोस्टमनच्या, गोपाळरावांच्या खांद्यावर दिला.

“तिसऱ्या मजल्यावर बायजाबाई हाय. तिले पत्र वाचून दाखवजा.”

मग तो स्टुलावर बसला. पहिला ठप्पा तिरपा पडला. दुसऱ्या वेळी त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि ठप्पा नेमका तिकिटावर बसला.